परक्या मयताचा सांगावा

दौंडला आमच्या वस्तीत एक गृहस्थ होते. ते "बसा" म्हणाले की ऐकणारा आधी मनात घरची माणसं मोजायचा. बातमी कसलीही असो, रेशनवर रॉकेल आलंय, आज नळाला पाणी नाही, पोस्टमन तुम्हाला शोधत होता, ते आधी म्हणणार, "बसा. आधी बूड टेका, मग सांगतो." समोरचा बसल्याशिवाय त्यांच्या तोंडून पुढचा शब्द निघत नसे. एकदा शेजारची बाई चुलीवर दूध ठेवून बाहेर आली होती. तिचं दूध उतू चाललंय हे सांगायला हे तिला आधी बसायला सांगत राहिले. दूध गेलं, आणि पुढं कितीतरी दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही.

हसण्यासारखी गोष्ट होती, पण वस्तीत कुणी फारसं हसत नसे. ती सवय कुठून आली हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी त्यांना मामा म्हणायची. नात्याचे नव्हेत. मला नुकतीच दौंडला शाळेत नोकरी लागली होती, माझं माहेर शिरूरचं, आणि रोजचं येणं-जाणं शक्य नव्हतं. वस्तीत मामांच्या घराची पुढची खोली रिकामी होती, ती त्यांनी मला दिली. खोली त्यांच्या मुलाची होती हे मला फार नंतर कळलं. मामा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. उंच, हाडकुळे, चालताना एक खांदा खाली झुकलेला. त्यांच्याकडं सायकल होती, पण बसत क्वचितच. हातात धरून चालत जायचे आणि चालताना ओठ हलत असायचे. एकच वाक्य ते पुन्हा पुन्हा पुटपुटत. मला वाटायचं बुद्धवंदना म्हणत असतील. जवळून ऐकलं तेव्हा कळलं, भाषा आपली नाही.

त्यांचा एक पांढरा सदरा होता. तो ट्रंकेत वेगळा, घडी करून ठेवलेला असे. सणाला नाही, लग्नाला नाही, जयंतीलाही ते तो घालत नसत. तो सदरा घालून मामा सकाळी बोळातून निघाले की बायका दारं लोटून घ्यायच्या. त्या बायकांच्या घरातलं कुणी गेलेलं नसायचं, तरीही.

दौंड मोठं जंक्शन. चारी दिशांची माणसं तिथं उतरतात, गाडी बदलतात, पुढं जातात. काही पुढं जात नाहीत. फलाटावर तापानं पडलेला, खडी फोडायच्या कामावर उन्हानं गेलेला, रूळ ओलांडताना सापडलेला, अशी माणसं तिथं नेहमीच असत, आणि मोठ्या दुष्काळाच्या त्या वर्षात तर फारच. सोबत कुणी असलं तर ठीक. नसलं तर पंचनामा व्हायचा, कुणीतरी सरकारी खर्चानं सरण रचायचं, आणि तिथं तो विषय संपायचा. या माणसाचं घर कुठं, घरी कोण वाट बघतंय, हे विचारायला कुणाला सवड नसे. मामा विचारत. दवाखान्यात जाऊन बसत. बोलणारं माणूस असलं तर त्याच्याकडून, नसलं तर बरोबरच्या प्रवाशांकडून, हमालांकडून गावाचा पत्ता लावत. मग स्वतःची रजा टाकून, पांढरा सदरा घालून, त्या गावाला जाऊन घरच्यांना सांगून येत.

ते म्हणायचे, "सुखाची बातमी उभ्यानं ऐकता येती. ह्या बातमीला बूड टेकलेलं पायजे, न्हाईतर माणूस पडतं." त्यांचे आणखीही नियम होते. दिवेलागणीला सांगायचं नाही. उपाशी माणसाला सांगायचं नाही. आणि ज्यानं मरण पाहिलं त्यानंच सांगायचं, मधल्याच्या तोंडून नाही.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. मयताचा सांगावा पोचवणं हे गावगाड्यात आमच्या लोकांच्या गळ्यात घातलेलं काम. गावात कुणी मेलं की आमच्या माणसानं काठी घ्यायची आणि सोयऱ्यांच्या गावोगावी पायपीट करून सांगायचं. त्याला गावकी म्हणत, आणि ती करणाऱ्याला येसकर. धम्म घेतला तेव्हा आमच्या बापांनी जी जी कामं सोडली, त्यात हे एक होतं. म्हणून मामांचं हे वेड वस्तीला सलायचं. तरुण पोरं तर चिडलेली असत. विहारात एकदा बैठकच बसली. कुणी सौम्यपणे बोललं, कुणी तोंडावर म्हणालं की तुमच्यामुळं आमची मान खाली जाते. मामा सगळं ऐकून घेऊन घरी आले, जेवले, आणि पुढच्याच आठवड्यात कुर्डुवाडीकडं कुणाच्या तरी घरी सांगायला गेले.

एकदा माझे वडील शिरूरहून मला भेटायला आले होते. वडील गवंडीकाम करायचे, पण तरुणपणी त्यांनी गावकी केलेली होती. शिरूरला जुनी माणसं घोडनदी म्हणतात, तसंच ते म्हणत. मामांचं कुठून तरी त्यांच्या कानावर आलं होतं. चहा यायच्या आतच त्यांनी विषय काढला.

"मयत पाटलाचं आन् पाय माझे," वडील म्हणाले. "उन्हात गेलो, चिखलात गेलो. दारात पोचलं की लांबनंच वराडायचं, आन् भाकरतुकडा लांबनंच झेलायचा. धम्म घेतला त्या साली काठी घोडनदीच्या पाण्यात टाकली मी. तुम्ही रेल्वेतलं माणूस. ती काठी पुन्हा कशापायी उचलताय?"

मामा सवयीनं म्हणाले, "बसा, आप्पा."

"बसलोयच की," वडील म्हणाले.

मामा थोडे ओशाळले. मग म्हणाले, "तुमी टाकली ते झ्याक केलं. मीबी टाकली असती. तुमाला कुणी इचारलं न्हवतं, जातूस का म्हणून. न्हाई गेला असता तर चाबूक व्हता. मी न्हाई गेलो तर मला कोण मारतंय? कोण न्हाई. म्हणून तर मला जाता येतं."

वडिलांनी चहा घेतला. पटलं नाही ते नाहीच. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, माणूस वाईट नाही, पण कुठंतरी चटका बसलाय याला.

चटका काय होता ते मामींनी सांगितलं. मामी कडक बाई. नवऱ्याच्या या फिरण्यावर त्यांचा रोजचा राग असे, आणि तो राग त्या भांड्यांवर काढत. दुष्काळाच्या दिवसांत रेशनवर लाल मिलो मिळायची, तिच्या भाकरी दगडासारख्या व्हायच्या. ती मिलो निवडता निवडता त्या एका दुपारी बोलल्या. मी काही विचारलं नव्हतं.

त्यांना एकुलता एक मुलगा होता. मॅट्रिकला नापास झाला, मग एका पुलाच्या कामावर दूर कर्नाटकात गेला. दिवाळीला येतो म्हणाला होता. दिवाळीच्या आधी एक म्हातारा दारात उभा राहिला. खांद्यावर घोंगडं, पायात काही नाही, हातात एक गाठोडं. मराठीचा एक शब्द त्याला येत नव्हता. त्यानं गाठोडं सोडलं. त्यात पोराच्या चपला होत्या आणि सदरा होता. सदऱ्याच्या कॉलरला दौंडच्या शिंप्याची पट्टी होती, ती दाखवत दाखवत तो स्टेशनापासून शिंप्याकडं आणि शिंप्याकडून घरापर्यंत आला होता. यांना काही उमजेना. तेव्हा तो अंगणात जमिनीवर आडवा झाला, डोळे मिटले, छातीवर हात घेतले. उठला, आणि हातानं माती ओढून दाखवली. पुरलं, असं. आणि मग तो स्वतःच रडायला लागला.

"मी त्याला पोराच्याच चपलेनं मारलं," मामी म्हणाल्या. "आन् ह्यांनी धक्के मारून हाकलून दिलं. म्हणलं, खोटं बोलतूय. कवाचा उपाशी व्हता कुणास ठावं. पाण्याचा थेंब न्हाई दिला आम्ही."

भानावर आल्यावर मामा स्टेशनाकडं धावले. गाडी गेलेली होती. पुढं रजा काढून ते त्या पुलाच्या कामावरही जाऊन आले, पण काम उठलेलं होतं, माणसं पांगलेली होती. दफन केलेली जागाही कुणाला दाखवता आली नाही. तेव्हापासून दक्षिणेकडून गाडी आली आणि त्यातून घोंगडंवाला म्हातारा उतरला की मामा पार्सल ऑफिस सोडून त्याच्यासमोर जाऊन उभे राहत. एका कानडी हमालाकडून त्यांनी एक वाक्य शिकून घेतलं होतं. विसरू नये म्हणून ते चालताना तेच घोकत. त्याचा अर्थ मी मामींना विचारला. मामी म्हणाल्या, "तुम्ही आमच्या लेकराला माती दिली, तुमचे लई उपकार झाले, असं कायसं हाय. ऐकायला त्यो कुठं हाय?"

त्या उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागली होती. मी शिरूरला जायच्या तयारीत होते तेव्हा मामा पहाटेच दारात आले आणि मला बसायला सांगितलं. सोलापूरच्या गाडीतून एक तरुण मुलगी उतरली होती. फलाटावरच कोसळली. कावीळ होती, डोळे हळदीसारखे. दवाखान्यात ठेवली होती आणि आदल्या दुपारी ती गेली, संध्याकाळी मामांनी भीमेवर तिला अग्नीही दिला होता. माहेर शिरूर तालुक्यात, केंदूरच्या पुढं एक वाडी आहे तिथलं. नवऱ्याच्या घरून कुणाबरोबर तरी निघून गेलेली, त्यानं सोलापूरला सोडून दिलेली, असं तिच्याच बोलण्यात आलं होतं. मामा म्हणाले, "बाई, तुमी संगं आला तर बरं व्हईल. सांगावा आईला हाय. बापाला सांगू नका म्हणाली. मी गडीमाणूस, त्यातनं आपल्यातला. आईपतुर मला कोण जाऊ देणार?"

माझ्या मनात वडिलांचे शब्द होते. तरी मी हो म्हटलं. का म्हटलं ते आजही नीट सांगता येणार नाही. त्या मुलीचं वय माझ्याएवढंच होतं, हे एक कारण असेल.

आम्ही त्याच सकाळच्या एसटीनं न्हावऱ्यावरून शिरूरला, तिथून शिक्रापूरला, आणि पाबळच्या गाडीनं फाट्यावर उतरून पुढं चालत गेलो. रस्त्यानं ठिकठिकाणी खडीचे ढीग आणि त्याभोवती डोक्याला फडकी बांधून बसलेली माणसं. हातोड्यांचा आवाज सोडला तर सगळं मुकं होतं. मामा माझ्यापुढं झपझप चालले होते. वाक्यही पुटपुटत नव्हते.

घर मोठं होतं, दगडी जोत्याचं. दाराशी बैलांच्या रिकाम्या दावणी. मुलीचा बाप ओसरीवर बसलेला होता. आम्ही अंगणाच्या कडेला थांबलो. त्यानं गाव विचारलं, मामांनी सांगितलं. नाव विचारलं, तेही त्यांनी वडिलांच्या नावासकट, आडनावासकट सांगितलं. आडनाव ऐकल्यावर त्याची नजर आमच्यावरून उतरून मागच्या रस्त्यावर गेली.

"घरच्या मालकिणीला निरोप हाय," मामा म्हणाले. "त्यांना बोलवा."

"कुणाचा निरोप?"

"लेकीचा."

त्यानं मुंडासं सारखं केलं. मग म्हणाला, "मला लेक न्हाई," आणि उठून आत गेला. आम्हाला वाटलं, आता बाहेर येणार नाही. पण तो सुपात जोंधळे घेऊन आला. त्या साली माणसं मिलोवर आणि सुकडीवर दिवस काढत होती, आणि हा माणूस सुपातून घरचे जोंधळे घेऊन आला. अंगणाच्या कडेला, आमच्यापासून लांब, त्यानं ते जमिनीवर ओतले.

"हे घे आन् वाटंला लाग. घरात कुणाला काय सांगायचं न्हाई."

मामा हलले नाहीत. मला तेव्हा कळलं नाही, पण मामांना कळलं होतं. कुणी मेल्याचा सांगावा असेल तरच तो आणणाऱ्याला दाणे घालायची रीत होती. बापानं काही विचारलं नव्हतं, तरी तो सगळं समजून चुकला होता.

"दाणे उचला, दादा," मामा म्हणाले. आवाज चढवला नाही. "मी येसकर न्हाई. रेल्वेत कारकून हाय. रजा टाकून आलोय."

आणि ते वळले. बोळाच्या टोकाशी मी मागं पाहिलं. बाप उकिडवा बसून दोन्ही हातांनी दाणे गोळा करत होता. मग गोळा करायचाही थांबला आणि तसाच, हात मातीत टेकून, बसून राहिला.

वाडीबाहेर विहिरीवर बायकांची गर्दी होती. विहिरीच्या तळाला पाणी झिरपायचं, तेवढं साचलं की एकेकीनं खरवडून घ्यायचं. मी तिथं गेले, मी शिरूरची, शाळेत बाई आहे म्हणाले, आणि त्या घरच्या मालकीण कोण ते विचारलं. एक बाई हंड्याजवळून उठली. किडकिडीत, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. जरा बाजूला येता का म्हटल्यावर काही न विचारता माझ्यामागून आली. बांधावरच्या बाभळीखाली मामा उभे होते.

"बसा, आक्का," मामा म्हणाले. "सकाळचं काय खाल्लंय का?"

ती बसली. मान हलवून हो म्हणाली. मामाही तिच्यासमोर, थोडं अंतर ठेवून, मातीत बसले.

"तुमची लेक दौंडाला उतरली व्हती. आजारी व्हती लई. दवाखान्यात ठेवली. मी जवळच व्हतो. काल दुपारी गेली."

तिनं कपाळावरचा पदर मागं सारला.

"शुद्धीत व्हती. मला म्हणाली, आईला सांगा, मी येत व्हते."

"येत व्हती?" ती म्हणाली.

"व्हय. दौंडास्नं शिरूरची येष्टी धरायची म्हणाली. तिथनं हिकडं."

"घरी येत व्हती?"

"घरीच."

ती आपल्या हातांकडं बघू लागली. विहिरीवरून बायकांचा गलका येत होता. तिनं विचारलं, "पाणी घातलं कुणी तोंडात?"

"मी घातलं."

मला वाटलं आता ती काही विचारेल, मामा कोण, कुठले, पाणी कुठल्या जातीच्या हातचं. तिनं ते विचारलं नाही. तिनं विचारलं, "तिच्या केसाला तेल व्हतं का?"

मामा म्हणाले, "न्हवतं. मग माझ्या बायकोनं लावलं. इंचरून येणी घातली."

"केस लई व्हते तिचे," ती म्हणाली.

तेवढ्यात विहिरीवरून कुणीतरी हाक मारली, तुझी पाळी आली म्हणून. ती उठली. तिचा चेहरा मी बघत होते, आता फुटेल, आता फुटेल असं वाटत होतं. पण ती रडली असती तर विहिरीवर कळलं असतं, आणि विहिरीवर कळलं असतं तर घरी कळलं असतं. तिनं तोंडावरून पदर फिरवला. निघताना एवढंच विचारलं, की दौंडात तुम्हाला कुठं विचारायचं. मामांनी सांगितलं, पार्सल ऑफिस. ती जाऊन विहिरीत उतरली, हंडा भरला, आणि घराकडं गेली.

परत येताना शिरूरच्या स्टँडवर आम्हाला गाडीसाठी थांबावं लागलं. माझं घर जवळच होतं, पण मामा यायला तयार होईनात. बाकावर डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "बाई, तिला बरं वाटलं असंल का? सांगितलं ते?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

"मला बी ठावं न्हाई," ते म्हणाले.

तेलाची गोष्ट मला खोटी वाटली होती. बाईला दिलासा म्हणून मामांनी रचून सांगितली असेल असं मी धरून चालले होते. घरी आल्यावर मी मामींना विचारलं. मामींनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी काहीतरी अचाट बोलले. म्हणाल्या, "मग काय तशीच जाऊ द्यायची? पोरगीच ती."

दुष्काळ सरला. माझं लग्न झालं, नवऱ्यालाही दौंडलाच नोकरी मिळाली, आम्ही वस्तीतच दुसरी खोली केली. मामांचं चालूच होतं. मग भीमेकाठच्या एका गावातला एक माणूस रेल्वेगाडीतच दगावला. मामा त्याच्या दंडातलं चांदीचं कडं फडक्यात बांधून घरी द्यायला गेले. घरचे म्हणाले, दोन कडी होती. मामांना त्यांनी खांबाला बांधलं. गावातल्या पोरांनी मारलं. मग चौकीत दिलं, तिथंही मारलं. मामी आणि माझे यजमान चौकीच्या दारात बसून राहिले तेव्हा कुठं मामांना बघू दिलं. ऑफिसात चौकशी लागली. पुढं ते दुसरं कडं मयताच्या सख्ख्या भावाकडंच निघालं. ऑफिसची चौकशी मिटली. त्या गावातून मात्र कुणी सांगायला आलं नाही, की आमचं चुकलं.

मामा सुटून आले ते वेगळेच होऊन आले. पार्सल ऑफिसातून सरळ घरी, घरातून ऑफिसात. उजव्या कानानं ऐकू येईना. स्टेशनवर कुणी पडलंय असं हमालानं येऊन सांगितलं तरी उठत नसत. मामींनी एक दिवस ट्रंक उघडली आणि तो पांढरा सदरा उसवून उशीला अभ्रा शिवला. मामा रात्री त्यावरच डोकं टेकून झोपले. वस्तीतल्या पोरांना वाटलं, बरं झालं, अद्दल घडली. पण मामा इतके गप्प झाले, की तसं बोलणाऱ्यांनाच पुढं अवघडल्यासारखं व्हायला लागलं.

ती आई आली ती याच दिवसांत. सुट्टीचा दिवस होता, मी मामींकडं गेलेले होते. पार्सल ऑफिसातला एक हमाल तिला घेऊन आला. मी ओळखलं. तिचे केस पुरते पिकले होते. नवरा कसल्याशा कामासाठी पुण्याला गेला होता, ती तेवढ्यात एकटी एसटीनं निघून आली होती. आयुष्यात ती शिरूरच्या पलीकडं कधी आली नव्हती. तिला लेक कुठं गेली ती जागा बघायची होती.

मामा आतल्या खोलीत पडून होते. कोण आलंय ते मामींनी सांगितलं तेव्हा भिंतीला धरून बसते झाले. मग उठले, चपला घातल्या आणि तिच्यापुढं चालू लागले. मीही गेले. फलाटावरची जागा त्यांनी दाखवली. दवाखान्याच्या खिडकीतून खाट दाखवली, तिच्यावर तेव्हा दुसरंच कुणी होतं. मग आम्ही भीमेवर गेलो. जिथं तिला अग्नी दिला होता त्याच्या खाली वाळूत कुणीतरी कलिंगडाचे वेल लावले होते. ती वाळूवर बसली, आणि तिथं ती रडली. इतकी वर्षं साठवलेलं रडली. मामा पाठ करून उभे राहिले.

घरी परत आलो तेव्हा दुपार झाली होती. मामींनी भाकरी थापल्या होत्या. पण वाढायच्या वेळी त्यांचा हात थांबला. मोठ्या घरची बाई, आपल्या घरात जेवेल का, आणि विचारलं तर तिला अवघड होईल का, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं. ती बाई पुढं सरकली, तिनंच ताटली ओढून घेतली. पिठलं होतं आणि ठेचा. ती भाकरी कुस्करून जेवली. आणखी भाकरी मागून घेतली. हात धुऊन निघताना मामांसमोर उभी राहिली.

"तुमी आला नसता," ती म्हणाली, "तर मी आजून वाट बघत असते."

मामांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

दौंडच्या स्टँडवर तिला तिच्याच वाडीतल्या कुणीतरी पाहिलं, आणि चौकशी करून सगळं काढून घेतलं. ती घरी पोचायच्या आधी बातमी पोचली असावी. कुठं गेली, कुणाच्या घरी बसली, काय खाल्लं, सगळं. नवऱ्यानं तिचं अंथरूण गोठ्यात टाकलं. चूल वेगळी, हंडा वेगळा. वाडीत तिला कुणी बोलेना. पाबळच्या बाजूचा एक माणूस कांद्याची पार्सलं घेऊन यायचा, त्याच्याकडून हे मामांना कळलं.

मामांनी त्या दिवशी जेवण सोडलं. आधीच शरीर खंगलेलं, छाती भरलेली. अंथरूण धरलं ते धरलंच. मी गेले की एकच बोलायचे, "मेल्या माणसाचा सांगावा नेला आन् जित्या बाईचं घर घालवलं मी." मामींनी समजावलं, मी समजावलं. शेवटी त्यांनी मला विनवलं, की तुम्ही शिरूरला जाता तेव्हा वाकडी वाट करून तिला भेटा. तिला म्हणावं, माझं चुकलं. मी तुमच्या दारात यायलाच नको होतं.

मी गेले. गोठ्याला दार नव्हतं, पोत्याचा पडदा होता. ती आत चिपाडं तोडत बसली होती. एका कोपऱ्यात तीन दगडांची चूल, शेजारी एक डेचकी. ओसरीवर नवरा होता, त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. मी तिच्यापाशी बसले. मामा फार आजारी आहेत म्हणून सांगितलं. त्यांचा निरोप होता तो तसाच्या तसा सांगितला.

ती विळा बाजूला ठेवून ऐकत होती. मग ओसरीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "त्यांना म्हणावं, तुमचं काय बी चुकलं न्हाई. आन् मी तिथं जेवले, ते काय चुकून न्हाई जेवले."

मी दुसऱ्या दिवशी दौंडला आले तेव्हा मामांचा श्वास जोरानं चालला होता. ते त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. पण त्या दिवशी शुद्धीत होते. मी त्यांच्या डाव्या कानाशी वाकले, ती कुठं बसली होती, काय करत होती, आणि काय म्हणाली ते सगळं सांगितलं. ते छताकडं बघत होते. ऐकू आलं की नाही कळेना.

थोड्या वेळानं त्यांनी माझा हात धरला.

"पुन्हा सांगा," ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं.